इंदुबाईंचा पाया

इंदुबाईंइतक्या सावकाश घर बांधणारं माणूस आमच्या जालन्याच्या मस्तगडात दुसरं झालं नाही. दर वर्षी उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की बाई टिकाव-फावडं घेऊन गावाबाहेरच्या आपल्या प्लॉटवर जायच्या. पायाचा हातभर चर खोदायच्या, नाहीतर गवंड्याकडून दगडांचा एखादा थर रचून घ्यायच्या. मग घरी येऊन आंघोळ करून म्हणायच्या, "चला, परवानगी जिती राह्यली!"

बाई मूळच्या टेंभुर्णीच्या. शाळेत शिकवायच्या, लग्न केलेलं नव्हतं, माझ्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहायच्या. बांधकामाची परवानगी वर्षाची. तेवढ्यात काम सुरू झालं नाही किंवा सुरू होऊन बंद पडलं, की ती रद्द. मग पुन्हा अर्ज, पुन्हा नकाशा. हा नियम बाईंना पाढ्यासारखा पाठ होता.

एकदा नगरपालिकेचे ओव्हरसियर पाहणीला आले तेव्हा मी सोबत होतो. त्यांनी चर पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

"बाई, ह्याला काम म्हणावं का?"

"मंग काय म्हणावं?"

"खड्डा."

"पायाचा खड्डा म्हणजे पाया. पाया म्हणजे काम. अन् काम बराबर चालू हाय. लिहा!"

ओव्हरसियरांनी मुकाट्यानं लिहिलं. लहानपणी त्यांनी बाईंची छडी खाल्लेली होती.

दुष्काळात प्यायला पाणी नव्हतं, तेव्हा बाईंनी नुसतेच कोरडे दगड रचले. त्यावर कुणाच्या तरी शेळ्या ऐटीत बसायच्या. लोक म्हणायचे, बाई चिंगूस आहे. मलाही तसंच वाटायचं. शेवटी एकदा विचारलंच, "बाई, खर्चा झेपून नाही राह्यला का?"

"पैसा पोस्टात पडलाय, भाऊ. मी गयाची वाट पाहून राह्यले."

गया त्यांची धाकटी बहीण. हसनाबादला दिलेली, नवरा लवकर गेला, लेकाजवळ राहायची. घराच्या नकाशात दोन खोल्या होत्या आणि दोन चुली. "दोघीबी तापट. एका चुलीवर आमचं आठवडाभर जमायचं न्हाई," बाई हसून म्हणाल्या. "तिनं येते म्हटलं की जल्दी भिंती उभ्या करते."

"मग तिला बोलवा ना."

"बिलकुल न्हाई. लेकाचं घर मावशीनं सोडायला लावलं, असं नको व्हायला. तिच्या तोंडून येऊ द्या."

ते कधी आलं नाही. एका थंडीत गया तापानं गेली.

तिच्या माघारी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाला मी बाईंसोबत हसनाबादला गेल्तो. कार्यक्रम आटोपल्यावर भाचा बाईंजवळ येऊन बसला. "मावशी, आई तुमची लई याद काढायची. म्हनायची, ताईचं घर झालं की तिच्याकडंच जाऊन राह्यते. म्या म्हनलं, तसं कळव की तिला. तर म्हने, आधीच कसं सांगू? माझ्यापायी घाई करंल, तिच्यावर बोजा व्हईल."

बाईंनी हातातला चहा खाली ठेवला. एसटीत सगळी वाट खिडकीबाहेर बघत बसल्या. जालना जवळ आलं तेव्हा म्हणाल्या, "भाऊ, भिंती उभ्या असत्या तर आली असती व्हय ती."

 

त्या वर्षी सुट्या लागल्या, पण बाई प्लॉटवर गेल्या नाहीत. मुदत संपत आली तसे ओव्हरसियर आपण होऊन त्यांच्या खोलीवर आले. मीही गेलो.

"बाई, दोन टोपले माती तरी काढा. मी काम चालू म्हणून लिहितो."

"मी खोदतो," मी म्हणालो.

बाईंनी आम्हाला चटईवर बसवलं आणि चहा टाकला. आमच्याकडं न बघता स्टोला पंप मारत त्या म्हणाल्या, "राहू द्या, साहेब. एकटीला ही खोली पुरते."