क्वार्टरमागची दलदल

बाबारावांनी बायकोला, कलावतीला, छातीठोकपणे सांगून टाकलं, "मुरूम येते म्हणजे येते! अर्ज मी लिवला का साहेब सही करूनच उठते!"

भिलाईचा कारखाना अजून उभा राहत होता. टिनाच्या शेडमध्ये दीड वर्ष काढल्यावर तिथे कारकून असलेल्या बाबारावांना कामगार वसाहतीतल्या सेक्टरात पक्कं क्वार्टर मिळालं होतं. घर झकास, पण मागचं अंगण सदा ओलं! नळावर जाताना कलावती दोनदा घसरली, त्यात एकदा भरल्या घागरीसकट. एक ट्रक मुरूम पडावा, एवढंच तिचं मागणं.

पहिल्या अर्जात बाबारावांनी "ओल" लिहिलं. उत्तर आलं, ओलीला मुरूम मिळत नाही. मग "चिखल" लिहिलं. चिखल काय, सगळ्या भिलाईतच आहे! "पाणथळ" लिहिलं, तर साहेबांनी विचारलं, मग तिथे बगळे का दिसत नाहीत? बाबाराव इरेला पेटले. चौथ्या अर्जात त्यांनी ठणकावून लिहिलं, "दलदल"!

कचेरी हलली. कागद आला, "दलदल म्हणजे जिथे रुतलेला पाय दुसऱ्याने ओढल्याशिवाय निघत नाही. गुरुवारी ओवरसियर पाहणीला येतील."

बाबारावांनी अंगणात पाय घातला. तो लगेच बाहेर आला, चपलेसकट!

"आता कसं करता?" कलावतीने विचारलं.

"शब्द मागं घेनार नाई!"

एकदा लिहिलेल्या शब्दाला चिकटून राहण्यात कारकुनाचा हात कुणी धरू शकत नाही.

शेजारचे मारोतराव कारखान्यात फिटर, पण मूळचे भंडाऱ्याकडचे, भातशेती करणारे धानवाले. धोतर खोचत ते म्हणाले, "घाबरू नोका, बाबू. धानाच्या बांधीत करतो तशी चिखलणी करून टाकू. बैल नाई, त आपुन दोघं!"

बुधवारी रजा टाकून दोघं दिवसभर अंगण खणत, पाणी ओतत, तुडवत राहिले. मारोतरावांची गयाबाई कुंपणावरून बघून म्हणाली, "अवो माय! एवढी मस्त बांधी तयार झाली, धानाची रोवणी करून टाकू का?"

गुरुवारी ओवरसियर आले. "कहाँ है दलदल?" म्हणत त्यांनी पाऊल टाकलं आणि गुडघ्यापर्यंत आत गेले! एका हाताला मारोतराव, दुसऱ्याला बाबाराव. साहेब निघाले, बूट राहिले. अनवाणी साहेबांनी दात खात तिथेच वहीत लिहिलं, "दलदल. एकदम पक्की."

बाबारावांना आभाळ ठेंगणं झालं.

सोमवारी कागद आला. कलावतीला समोर उभं करून त्यांनी तो मोठ्याने वाचायला घेतला. "आपला शब्द तंतोतंत खरा ठरला आहे. दलदलीवर वस्ती ठेवता येत नाही. सबब, आठ दिवसांत क्वार्टर रिकामं करून शेडमध्ये परतावं."

कलावतीने फळीवरची ट्रंक खाली काढली. बाबाराव घाईघाईने कोरा कागद आणि टाक पुढे ओढत म्हणाले, "थांब, थांब! मी अजून एक अर्ज..."

तिने त्यांच्या हातातून टाक काढून घेतला. "नोका लिवू! तुमचं लिवलेलं साहेब मानून राहिले, त्याचंच त मले भेव वाटते!"