रायबाचा क्लच आणि आबाचा पाळणा

रायबाच्या मोटरसायकलीला परक्या माणसाचा पाना कधी लागला नव्हता. ही गोष्ट तो ओळख झाल्याच्या पाचव्या मिनिटाला समोरच्याला ऐकवायचा. "आपण कंपनीत फिटर हाय. आपल्याला मिस्त्री कशाला लागतोय?" आता खरं सांगायचं तर रायबा बिरवाडीजवळच्या एका कारखान्यात फिटरचा हेल्पर होता. बारा वर्षं झाली तरी हेल्परच. पण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाचा हुद्दा तपासायला कोण येतंय? आणि त्या बारा वर्षांत तो एक गोष्ट मात्र पक्की शिकला होता. जे ढिलं दिसेल ते आवळायचं. पाइपाचा जोड ढिला, आवळ. व्हॉल्व्हची मान ढिली, आवळ. कारखान्यात ढिलं राहिलं की गळतं, आणि गळलं की साहेब आईबापांचा उद्धार करतो.

गाडी सत्त्याऐंशी सालची. महाडच्या एका कंपाउंडरनं दहा वर्षं वापरून, दोनदा रंगवून शेवटी रायबाच्या गळ्यात घातलेली. एका सकाळी रायबाच्या लक्षात आलं की क्लचचा लिव्हर दाबायला घेतला की आधी बोटभर पोकळ जातो आणि मग कुठं वायर पकडते. ढिला! कंपनीच्या माणसाच्या गाडीचा लिव्हर ढिला? त्यानं पाना आणला, नट फिरवला आणि वायर अशी खेचली की लिव्हर जागच्या जागी घट्ट. मग हात पुसून तो ड्युटीवर गेला, आणि दिवसभर त्याला बरं वाटत राहिलं.

त्याच आठवड्यात गाडीला खोड लागली. सपाटीला ठीक चालायची. चढ आला की इंजिन गर्जना करायचं आणि चाक म्हाताऱ्यासारखं हळूहळू फिरायचं. क्लच घसरत होता. हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. कशानं घसरतोय, हा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर रायबाच्या स्वतःच्या पान्याला लागलेलं होतं. पण आपल्या हातून बिघाड होऊ शकतो हा विचार रायबाच्या डोक्यात शिरायला तिथं जागाच नव्हती.

आता मुद्द्याची गोष्ट. रायबाचा बाप सदू. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरावर त्यांची वाडी, तिथं तो आणि रायबाची आई साळूबाई चार म्हशी आणि पाचसहा शेरडं राखून राहायची. सत्तरीला टेकलेला माणूस. तरणा असताना सदूनं चार हंगाम रायगडावर मजुरी केली होती. पायथ्यापासून गडापर्यंत डोक्यावरून वाळू वाहायची. हजारावर पायऱ्या, दिवसातून दोन खेपा. त्या वाळूनं त्याचे गुडघे जे खाल्ले ते कायमचे. आणि आता गडाखालच्या हिरकणीवाडीला रोपवे झाला होता. आत बसायचं, दार लावायचं, चारपाच मिनिटांत माणूस वर. सदू त्याला पाळणा म्हणायचा. त्या दिवाळीला त्यानं लेकाला सांगितलं, "रायबा, मला एकदा पाय न हलवता गडावर जायचंय. बाकी माजं काय मागणं नाय."

जन्मात पहिल्यांदा बापानं काहीतरी मागितलं होतं. रायबा म्हणाला, "माज्या गाडीवरनं नेतो, आबा."

"येष्टीनं गेलो तरी चालंल रे. म्हाडासनं जातीय."

"दारात गाडी असताना येष्टी? लोक काय म्हणतील?"

लोक काहीच म्हणणार नव्हते. लोकांना आपापल्या कामातून फुरसत नव्हती. पण रायबाचे लोक वेगळे, ते त्याच्या डोक्यातच राहायचे आणि सारखे त्याच्याकडे बघायचे.

मध्ये एकदा सदू पोलादपूरच्या बाजाराला उतरला होता. रायबानं त्याला परत जाताना वाडीच्या वाटेपर्यंत गाडीवर घेतलं. पहिल्याच चढाला इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी मुंगीच्या चालीनं सरकायला लागली. सदूनं मागून लेकाच्या खांद्यावरून वाकून बघितलं. सबंध हयात गुरांमागं गेलेली, त्याची नजर पहिली दोरीवर जाणार.

"रायबा, ही डाव्या हाताची दोरी लय ताणलीय रे."

"ती दोरी नाय, आबा. क्लच वायर हाय."

"असू दे की. पन येसन अशी ताणून धरलीस तर बैल वझं वढंल काय? जागच्या जागी फुरफुरंल. जरा सैल सोड."

रायबा हसला. नुसता हसला असता तरी चाललं असतं. "आबा, हा बैल नाय. ही मशीन हाय. तुला त्यातलं काय कळतंय?"

 पुढचा चढ लागला तसा सदू स्वतःच उतरला आणि चालायला लागला.

रायबानं ठरवलं की क्लच प्लेटी गेल्यात. महाडातून नव्या प्लेटी आणल्या, एक दिवसाची रजा टाकली आणि खोलीच्या मागच्या पडवीत गाडी उघडली. इंजिनातलं ऑइल काढायला भांडं हवं होतं, म्हणून हाताला आली ती परात घेतली. नव्या प्लेटी तेलात भिजवाव्यात असं त्यानं ऐकलेलं, म्हणून त्या त्याच परातीत घातल्या. बायको गौतमी पीठ मळायला परात शोधत आली आणि बघतच राहिली.

"अवो, ही माज्या आयेनं दिलेली परात हाय."

"गो, घासली की निघंल."

"आन् मिस्त्रीकडं नेली असती तर?"

"मिस्त्री काय जास्त करणार हाय?"

त्या रात्रीच्या भाकऱ्या गौतमीनं शेजारणीच्या काथवटीत थापल्या आणि नवऱ्यापुढं आदळल्या. पुढं महिनाभर त्या घरातल्या भाकरीला पेट्रोल पंपाचा वास येत होता, पण रायबा तो नाही म्हणायचा.

इंजिनाचं झाकण बसवताना मधलं पॅकिंग फाटलं. नवं आणायला पुन्हा महाडला कोण जाणार? रायबानं घरात शोधाशोध केली आणि एक जाड, गुळगुळीत पत्रिका सापडली. घरमालकीण ठकूबाईच्या पुतण्याच्या लग्नाची. कात्रीनं ती झाकणाच्या आकाराची कापली, भोकं पाडली, बसवली. लग्नाची तारीख इंजिनात गेली. ते लग्न दोघांचंही हुकलं, आणि ठकूबाई नंतर दोन महिने त्यांच्याशी पाण्याच्या नळावर बोलली नाही. क्लचच्या स्प्रिंगा मऊ वाटल्या म्हणून त्यानं त्यांच्याखाली एकेक वॉशर सारला. सगळं बसवल्यावर एक वॉशर उरला, तो खिशात टाकला. आणि सगळ्यात शेवटी वायर. ती जोडताना लिव्हर पुन्हा बोटभर पोकळ लागला. रायबानं तोंड वाकडं केलं आणि मागच्यापेक्षा दोन आटे जास्त आवळली.

कारखान्यांच्या रस्त्यावर चक्कर मारली. गाडी झकास पळाली. तो रस्ता ताटासारखा सपाट आहे, ही गोष्ट रायबानं लक्षात घेतली नाही.

ठरलेल्या रविवारी सदू उजाडायच्या आत वाडीतून निघाला. काठी टेकत टेकत दीड तासात सडकेला उतरला. धुतलेलं धोतर, नवी बंडी, डोक्याला लाल मुंडासं. साळूबाईनं फडक्यात भाकरी आणि सुकटीची चटणी बांधून दिली होती. "वर गडावर बसून खाऊ," तो गाडीवर बसताना म्हणाला.

महाडपर्यंत सगळं छान. नाते गाव गेलं. कोंझर गेलं. घाट लागला आणि इंजिन ओरडायला लागलं.

"आबा, जरासा उतर. नवीन प्लेटी हायत, बसायला टाइम लागतो."

सदू उतरला. एकट्या रायबाला घेऊन गाडी पन्नास पावलं गेली आणि जळक्या वासाचा धूर सोडून थांबली. मग गार होईपर्यंत बसायचं. मग पुन्हा पन्नास पावलं. तिसऱ्या वेळेला रायबानं रस्त्याच्या कडेला झाकण उघडलं. पत्रिकेचा लगदा झाला होता. खिशातला वॉशर आत कुठं तरी बसेल म्हणून तो तासभर जागा शोधत राहिला. सदू दगडावर बसून बघत होता.

"रायबा, ती दोरी..."

"आबा, गप बस ना जरा."

एवढ्यात मागून एसटी आली. महाड ते रायगड. अर्धी रिकामी. ड्रायव्हरनं म्हाताऱ्याला बघून गाडी हळू केली आणि कंडक्टर दारातून वाकला. "बाबा, येताय काय वर?"

सदूनं लेकाकडं बघितलं. रायबाचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. डोक्यातले ते सगळे लोक आता रांगेनं उभे राहून बघत होते.

"नको, नको," रायबा म्हणाला. "झालंच हाय. पाच मिनटं."

एसटी गेली. सदू वळणापर्यंत तिच्याकडे बघत राहिला.

त्यानंतर जे झालं ते सांगायला मला लाज वाटते, रायबाला वाटली नाही. गाडी पहिल्या गिअरला, रायबा हँडल धरून वर बसलेला, आणि सत्तरीचा म्हातारा मागच्या सीटला दोन्ही हात लावून ढकलतोय. काठी गाडीला बांधलेली. "अजून थोडं, आबा. आलंच." ज्या माणसाला पाय न हलवता गडावर जायचं होतं, तो अख्खा पाचाडचा घाट पायानं चढला, आणि वर त्यानं गाडीही चढवली.

हिरकणीवाडीला पोचले तेव्हा उन्हं कलली होती. तिकिटाच्या खिडकीतला माणूस मान हलवून म्हणाला, "वर न्यायचं बंद झालं. आता वरच्यांना खाली आणतोय फक्त. सकाळी या."

"एवढे एक म्हातारे हायत," रायबा म्हणाला.

"मग लवकर आणायचं ना त्यांना."

सदू ओट्यावर बसला. पाळणे एकामागून एक खाली येत होते. त्यातून माणसं उतरत होती, न दमलेली, पोरांचे हात धरून. सदूनं फडकं सोडलं आणि तिथंच, खाली बसून भाकरी खाल्ली. अर्धी रायबाला दिली.

"चांगलं दिसतंय रे," तो म्हणाला.

परत येताना उतार होता. उताराला क्लच लागत नाही. गाडी वाऱ्यासारखी सुटली आणि रायबाच्या जिवात जीव आला. मागं तोंड करून तो ओरडला, "बघितलास ना आबा, कशी पळतीय?" मागं सदूनं दोन्ही हातांनी गुडघे धरले होते.

सदूचे गुडघे सुजले ते उतरेनात. साळूबाई निर्गुडीचा पाला बांधायची, शेकायची, लेकाच्या नावानं बोटं मोडायची. गोठ्यापर्यंत जायचं तरी म्हातारा भिंत धरून जायचा.

तीन आठवड्यांनी रायबाची गाडी महाडच्या नाक्यावर बंद पडली. ढकलून घरी न्यावी तर बिरवाडी लांब. समोर चांगू मिस्त्रीचं पत्र्याचं खोपटं. रायबा अर्धा तास टपरीवर चहा पीत बसला, मग दुसरीकडं बघत बघत गाडी खोपट्यात घातली. चांगूनं प्लगची सुटलेली टोपी बसवली, गाडी चालू केली, लिव्हर एकदा दाबला आणि रायबाकडं बघितलं.

"चढाला घसरते?"

"लय घसरते. प्लेटी बदलल्या, स्प्रिंगांखाली वॉशर घातले. काय फरक नाय."

चांगूनं पाना घेतला आणि वायरीचा नट सहासात आटे मागं फिरवला. लिव्हर बोटभर पोकळ झाला. "वायर आवळून ठेवलेली. क्लच सारखाच अर्धा दाबलेला राहतो, मग पकडणार कसा? ही एवढी ढिली लागतेच. कुठल्या शहाण्यानं आवळली?"

रायबा म्हणाला, "काय म्हाईत नाय. आधीच्या मालकानं असंल."

पैसे द्यायला गेला तर चांगू म्हणाला, "दोन मिनिटांच्या कामाचं काय घ्यायचं?" रायबाला वाटलं, घेतले असते तर बरं झालं असतं.

तो तसाच पोलादपूरला गेला. वाडीखालचा चढ गाडी गुरगुरही न करता चढली. वाट संपली तिथं गाडी लावून तो वर चालत गेला. सदू ओट्यावर पाय लांब करून बसला होता.

"आबा, गाडी झाली. आता एकदम टकाटक. पुढच्या रविवारी जाऊ पाळण्याला."

"नको रे आता," सदू म्हणाला. "सडकेपर्यंत उतरवत नाय मला."

"मी खांद्यावर नेतो."

"नको. खालनं बघितला तो. बघून झाला."

 आत साळूबाईनं मुद्दाम भांडी वाजवली. मग सदूनं विचारलं, सहज, गुडघा चोळत चोळत, "ती दोरी सैल केलीस काय?"

आता तरी बोलायचं होतं. समोर बाप, कुणी परकं नाही, डोंगरावर ऐकायला म्हशी तेवढ्या. रायबानं तोंड उघडलंसुद्धा.

"नाय, आबा. दोरीचं काय नव्हतं. आत इंजिनात मोठा फॉल्ट होता. लय खटपट करून मीच काढला."

सदूनं त्याच्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मान डोलावली.

"असंल बाबा," तो म्हणाला. "मला काय कळतंय त्यातलं."