चारशे बारा विरुद्ध एकतीस

"येत्या धोंड्याच्या महिन्यात शहाडला सासुरवाडीत पाटावर बसेन ना, तेव्हा माझं लिव्हर कमलेशच्या लिव्हरपेक्षा सरस असेल! लिहून ठेव!"

सुदेशने हे बायकोला ऐकवलं तेव्हा त्याच्या एका हातात बटाटावडा होता आणि दुसऱ्या हातात सोनोग्राफीचा रिपोर्ट. रिपोर्टवर लिहिलेलं, 'फॅटी लिव्हर, ग्रेड टू'. वड्यावर काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून त्याने आधी तो संपवला.

"लिव्हर म्हणजे काय आंब्याची पेटी आहे, सरस ठरायला?" सोनल म्हणाली. "डॉक्टरांनी काय सांगितलंय? सात किलो वजन उतरवा, रोज चाला, तळलेलं आणि गोड बंद. आणि विचारल्याशिवाय कसलीही गोळी घेऊ नका."

"ते सगळ्यांनाच तेच सांगतात!"

आता हा कमलेश कोण, तर सुदेशचा साडू. सोनलची थोरली बहीण चित्रा, तिचा नवरा. साडू हे नातं ज्याने निर्माण केलं त्याला दुसऱ्याचं सुख बघवत नसणार! एकाच घरचे दोन जावई, एकाच पंगतीत शेजारी बसवायचे आणि वर म्हणायचं, गोडीने राहा. कमलेशचा फ्लॅट ठाण्यात टेंभी नाक्याला, नवरात्रात गॅलरीतून देवी दिसते. सुदेशचा डोंबिवलीत मानपाड्याला, गॅलरीतून केमिकल कंपनीचं धुराडं दिसतं. कमलेशच्या डोक्यावर पन्नाशीत अख्खं रान, सुदेशच्या डोक्यावर चाळिशीतच माळ. मागच्या अधिक महिन्यात सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, तूप आधी कमलेशच्या ताटात वाढलेलं. हे सुदेशला तारखेसकट पाठ होतं.

दोघांचं लिव्हर एकाच वर्षी चरबट निघालं, तेव्हा सुदेशला खोटं कशाला बोला, बरंच वाटलेलं. निदान एका बाबतीत तरी बरोबरी! पण आठ महिन्यांत कमलेशचा रिपोर्ट एकदम चांगला आला. रक्तातला लिव्हरचा आकडा, तो एसजीपीटी, ब्याण्णववरून एकतीस! सुदेशचा अडुसष्टवर ठाण मांडून बसलेला. चित्राने माहेरी फोन केला, "अण्णा, हे पास झाले!" अण्णांनी ती बातमी शहाडपासून जुन्नरपर्यंत सगळ्या भाऊबंदांना कळवली. सुदेशच्या पोटात जे दुखलं ते लिव्हर नव्हतं, हे मी पैजेवर सांगतो.

"काय केलंत हो कमलेशराव?" त्याने फोनवर गोड आवाजात विचारलं.

"काही नाही रे. तलावपाळीला रोज पाऊण तास चालतो. साखर सोडली. बस."

बस! सुदेशला हसू आलं. चालून कधी कोणाचं भलं झालंय? तसं असतं तर पोस्टमनची लिव्हरं सोन्याची असती. हा माणूस लपवतोय! मत्सरी माणसाचं एक असतं, समोरचा खरं बोलतोय ही शक्यता तो हिशेबातच धरत नाही.

चैत्रात चित्राकडे हळदीकुंकू होतं. सोनलला सोडायच्या निमित्ताने सुदेश टेंभी नाक्याला गेला. बायकांची गर्दी, कैरीचं पन्हं, आंब्याची डाळ. पाणी प्यायला म्हणून तो स्वयंपाकघरात शिरला आणि फ्रिजवर त्याला दिसला बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा. उघडला तर आत पाच बाटल्या! हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल, अश्वगंधा, व्हिटॅमिन बी-थ्रीची मोठ्या ताकदीची गोळी आणि 'यकृत स्वच्छ' असं सोनेरी अक्षरांत लिहिलेलं कुठलंसं चूर्ण. सुदेशने मोबाइल काढून खटाखट फोटो मारले.

"अरे सुदेश!" मागून कमलेश आला. "ते नको बघूस, ते तर..."

तेवढ्यात बाहेरून चित्राने हाक मारली, "अहो, पन्ह्याचे ग्लास संपले!" कमलेश पळाला. 'ते तर' पुढे काय, हे तिथेच राहिलं.

"नको बघूस म्हणाला! ऐकलंस?" परतताना सुदेशने सोनलला सांगितलं. "चोर सापडला!"

"चोर कोण? दुसऱ्याचे डबे उघडता तुम्ही!"

आठवड्याच्या आत पाचही बाटल्या मानपाड्याच्या कपाटात आल्या. मेडिकलवाल्या मृणालने विचारलेलं, "काका, कोणी लिहून दिल्यात?" सुदेश म्हणाला, "व्हिटॅमिनला कसली चिठ्ठी? आणि बाकीचं झाडपाल्याचं आहे. शंभर टक्के नैसर्गिक!" धोत्रासुद्धा शंभर टक्के नैसर्गिक असतो हो! पण बाटलीवर हिरवं पान छापलं की आपल्याकडे शिकलीसवरलेली माणसंही डोकं गहाण टाकतात. सुदेशचं डोकं तर आधीच कमलेशकडे गहाण होतं. त्याने नियम केला, कमलेश एक घेत असेल तर आपण दोन घ्यायच्या. बरोबरी नाही करायची, पुढे जायचं!

चौथ्या दिवशी पहिला चमत्कार झाला. एमआयडीसीतल्या कंपनीत डिस्पॅचची मीटिंग चालू होती. सुदेश उभा राहून चलनं समजावत होता आणि अचानक मानेपासून टकलापर्यंत लालबुंद झाला. तोंडावर कोणी गरम तवा धरावा तशी आग! अंगाला खाज!

"सुदेश, अरे, तू भट्टीतून काढल्यासारखा दिसतोयस!" शेजारचा प्रीतम ओरडला. "डॉक्टरकडे चल!"

"बस खाली! चरबी जळतेय!" सुदेश खाजवत खाजवत म्हणाला. "प्रीतम, तुला नाही कळायचं. हे आतून होतं."

बी-थ्रीच्या मोठ्या डोसाने असं होतं, हे त्याला नंतर कळलं. तेव्हा त्याने घरी जाऊन आणखी एक घेतली.

मग प्रगती सुरूच झाली. तिसऱ्या आठवड्यात भूक मेली. "वजन उतरतंय!" चौथ्यात सकाळी उठवेना. "शरीर आराम मागतंय, आत काम चाललंय ना!" पाचव्यात लघवी कडक चहासारखी व्हायला लागली. "घाण बाहेर पडतेय!" जगात असा एकही वाईट प्रकार नव्हता ज्याचा सुदेशने चांगला अर्थ लावला नाही.

"अहो, डोळे पिवळे दिसतायत तुमचे," सोनल एका सकाळी घाबरून म्हणाली. "मी ताईला फोन करते, भावजींना विचारते."

"खबरदार! त्याला कळलं की मी त्याच्या वाटेने चाललोय, तर तो डोस वाढवेल! आणि पिवळे काय? हळदीचं तेज आहे ते!"

"मग आज रक्त तपासा."

"तपासणारच आहे! शनिवारी. आणि रविवारी शहाडला सगळ्यांसमोर रिपोर्ट!"

इथे सुदेशने आयुष्यातली सगळ्यात हुशार गोष्ट केली, असं त्याला वाटलं. लॅबवाल्याला त्याने मोबाइल नंबर स्वतःचा दिलाच नाही, अण्णांचा दिला. उगाच कोणी म्हणायला नको की सुदेशने आकडे बदलले!

रविवारी शहाडला थाट होता. दुपारचा डोस चुकू नये म्हणून सुदेशने पाचही बाटल्या पिशवीत भरून आणलेल्या. अधिक महिना तीन वर्षांनी एकदा येतो, तेव्हा गंगुबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, कसर ठेवली नव्हती. रांगोळी, दोन पाट, चांदीची दोन निरांजनं, तेहतीस-तेहतीस अनारसे. ताटात पुरणाचे धोंडे आणि त्यावर तुपाची वाटी उपडी करायची तयारी. कमलेश म्हणाला, "आई, मला एकच धोंडा, तूप चमचाभर." सासूबाई कौतुकाने सोनलला म्हणाल्या, "बघ किती पथ्य पाळतात!" सुदेशला वाटलं, उठावं आणि निरांजन विझवावं.

कमलेश त्याच्याकडे वळून बघायला लागला. "सुदेश, तुझे डोळे..."

"तेज आहे!"

तेवढ्यात अण्णांचा मोबाइल वाजला. गुणाजी अण्णा म्हणजे तरुणपणापासून कबड्डीचे पंच. गुण मोजण्यात आयुष्य गेलेलं. त्यांनी चष्मा लावला, मोबाइल हातभर लांब धरला आणि मैदानावरच्या आवाजात वाचलं, "सुदेशराव! एसजीपीटी! चारशे बारा!"

कमलेश पाटावरून अर्धा उठला.

"कमलेशराव, तुमचे किती होते?"

"एकतीस, अण्णा. पण अण्णा, ते..."

"एकतीस! आणि सुदेशरावांचे चारशे बारा!" अण्णांनी मांडीवर थाप मारली. "अरे, एकतर्फी सामना! लोण चढवलं की हो जावयाने! अगं ए, तूप आण! आधी सुदेशरावांना!"

सुदेशला माहीत होतं की चाळिसाच्या खाली असावं लागतं. चारशे बारा ऐकून त्याच्या पाठीतून गार पाणी गेलं. पण आधी सुदेशरावांना! अकरा वर्षं तो हे दोन शब्द ऐकायला तडफडत होता. सांगावं का अण्णांना, की हे उलटं असतं? लिव्हर म्हणालं, सांग. सुदेशने ताट पुढे केलं.

"जरा जास्तच वाढा, आई," तो बारीक आवाजात म्हणाला.

तुपाची धार धोंड्याला लागणार, तोच कमलेशने झडप घालून ताट ओढलं!

"कमलेशराव!" अण्णा गरजले. "हरलात म्हणून ताट ओढता? खेळाडू वृत्ती कुठे गेली?"

"अण्णा, नंतर रागवा! सोनल, याची पिशवी घे! चित्रा, गाडीची चावी!"

गाडीत कमलेशने एकच विचारलं, "काय घेतलंस? खरं सांग."

"तुमच्याच डब्यातलं," सुदेश खिडकीकडे बघत म्हणाला. "फोटो काढलेला."

कमलेशने गाडी कडेला घेतली. "अरे शहाण्या! तो बंद केलेल्यांचा डबा! जिममधल्या एकाच्या नादाने मी त्या खायचो, त्यानेच माझं ब्याण्णव झालेलं. डॉक्टरबाईंनी सांगितलं, जे जे खाताय ते सगळं उचलून आणा, दाखवा. दाखवलं, त्यांनी पाचही बंद केल्या. चित्राने डबा फ्रिजवर ठेवला, तो तिथेच राहिला!"

"मग लिव्हर सुधारलं कशाने?"

"चालून! फोनवर सांगितलं नव्हतं?"

सुदेशला त्या क्षणी लिव्हरपेक्षा जास्त दुखलं ते हे, की हा माणूस खरं बोललेला.

डॉक्टरबाईही कमलेशच्याच, डॉक्टर नीला. त्यांनी पिशवी टेबलावर रिकामी केली आणि चष्म्यावरून बघितलं. "हा संच मी आधी पाहिलाय. यांनी एकेक घेतलेली. तुम्ही?"

"दोन-दोन," सुदेश म्हणाला. आवाजात, तुम्हाला खोटं वाटेल, किंचित अभिमान होता.

"भाजीतली चिमूटभर हळद वेगळी आणि कॅप्सूलमध्ये कोंडलेला तिचा अर्क वेगळा," बाई कडाडल्या. "जे पोटात जातं त्यातलं बहुतेक सगळं लिव्हरच्या अंगावर येतं. ते आधीच चरबीखाली दबलेलं, त्यावर तुम्ही पाच जणांना उड्या मारायला लावलंत! एखादं व्हिटॅमिन कमी असेल तर मी तपासून देईन, मोजून देईन. साडूच्या फ्रिजवरून नाही घ्यायचं! आणखी दोन आठवडे गेले असते तर आपण इथे बसून बोलत नसतो. भरती व्हा."

सहा दिवस सुदेश हॉस्पिटलात होता. कमलेश रोज ठाण्याहून यायचा आणि मिठाची चिमूट घातलेली पेज आणायचा. सुदेशला तेही सहन व्हायचं नाही. पेज चांगली व्हायची म्हणून!

नंतर मात्र तो चालायला लागला. खरंच. बाटल्या गेल्या, वडा गेला, साखर गेली. रविवारी ठाण्याला जाऊन कमलेशबरोबर तलावपाळीला फेऱ्या मारायचा, प्रत्येक फेरीत अर्धं पाऊल पुढे राहून. साडेतीन महिन्यांनी डॉक्टरबाईंनी पुन्हा त्याच लॅबमधून रक्त तपासून घेतलं. चौतीस!

"शाब्बास," बाई म्हणाल्या. सोनलच्या डोळ्यांत पाणी आलं. कमलेशने पाठ थोपटली. आणि कमलेशचे एकतीसच असले तरी त्या दिवशी सुदेशला तीनचा फरक टोचला नाही. जवळजवळ नाही.

पण सगळेच एवढे घाईत होते, की एका माणसाला कोणी काही समजावलंच नव्हतं. आणि लॅबमध्ये नंबर अजून त्याचाच होता.

संध्याकाळी सुदेशचा फोन वाजला.

"सुदेशराव," पलीकडून अण्णा गंभीर आवाजात म्हणाले, "चारशे बारावरून एकदम चौतीस? अहो, काय हे! त्या दिवशी सबंध भावकीत तुमचं नाव काढलं होतं मी. कमलेशराव बघा, एकतीस तर एकतीस, पण खेळ कधी घसरू दिला नाही!"