ही म्हणजे कोण?

औषधांच्या दुकानाचे मालक लेबलराव यांना नाट्यमंडळात अभिनय सोडून काहीही करायची मुभा होती. मागच्या नाटकात त्यांना नोकराचं एका वाक्याचं काम दिलं होतं आणि ते वाक्यही शेवटी नायिकेलाच म्हणावं लागलं होतं. या वेळी दिग्दर्शकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि विंगेतले माइक सांभाळायला सांगितले. दिग्दर्शक हे एरवी दातांचे डॉक्टर. दुखणारी गोष्ट गोड बोलून उरकण्यात त्यांचा हातखंडा होता.

लेबलराव हे अर्थातच मंडळींनी ठेवलेलं नाव. दुकानातल्या प्रत्येक खणावर, प्रत्येक बाटलीवर त्यांच्या वळणदार अक्षरातलं लेबल असे. असा माणूस माइकच्या बाबतीत घोळ घालणं शक्यच नाही, असं सगळ्यांचं मत पडलं.

नाटक दोनच बायकांचं होतं. मुलगा परदेशी गेलेला, आणि त्याची वाट बघत बसलेल्या त्याची आई नि बायको. मुलगा शेवटपर्यंत दिसत नाही. मंडळात त्या वयाचे लेबलराव एकटेच उरले होते, म्हणून त्याला परदेशी पाठवणं भाग पडलं होतं. या दोन्ही भूमिका लेबलरावांच्या घरातच गेल्या होत्या, पण उलट्या. त्यांच्या आईने पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं, "म्हातारीचं काम मी करणार नाही. म्हातारी दिसेन." मंडळ त्यांनीच काढलेलं असल्यामुळे त्या झाल्या सून, आणि त्यांची खरी सून केसांना पावडर फासून झाली आई.

तालमी सुरू झाल्यापासून दोघी लेबलरावांना एकेकट्या गाठून एकच प्रश्न विचारत होत्या: "माझं काम जास्त चांगलं होतंय की तिचं?" लेबलराव दोघींना एकच उत्तर देत होते. घरातली सगळी शांतता या एका उत्तरावर उभी होती. एकीला दिलेलं उत्तर दुसरीच्या कानावर गेलं असतं, तर त्यांना औषधांच्या खोक्यांवर झोपायची वेळ आली असती.

प्रयोगाच्या दिवशी साउंडवाला भाड्याचे माइक घेऊन आला. एक बारीक माइक कॉलरला आणि त्याची वायर कमरेला लावायच्या डबीत. डब्या दोन, दिसायला अगदी सारख्या. लेबलरावांनी खिशातून लेबलं काढली, एकीवर 'आई' लिहिलं, दुसरीवर 'ही' लिहिलं आणि समाधानाने मान डोलावली.

साउंडवाल्याने नाटक पाहिलेलं नव्हतं, फक्त गोष्ट ऐकली होती.

"ही म्हणजे कोण?" त्याने विचारलं.

"ही म्हणजे ही!"

"अहो, पण ही कोण?"

"आता कसं सांगू तुम्हाला!" लेबलराव लाजले. "ही म्हणजे बायको."

"हां, म्हणजे मुलाची बायको. आणि आई म्हणजे त्याची आई."

"अगदी बरोबर!" लेबलराव म्हणाले. मुलगा म्हणजे आपणच, याबद्दल त्यांच्या मनात काही शंका नव्हती.

साउंडवाला प्रेक्षागृहाच्या मागच्या टोकाला आपल्या बटणांपाशी जाऊन बसला. त्याचा नियम साधा होता. रंगमंचावर जो असेल त्याचाच माइक चालू, विंगेतल्याचा बंद.

पडदा उघडला. नाटकातली पांढऱ्या केसांची आई, म्हणजे लेबलरावांची बायको, एकटीच खिडकीशी उभी. साउंडवाल्याने 'आई'चं बटण वर केलं, आणि ती डबी होती विंगेत बसलेल्या खऱ्या आईच्या कमरेला.

"तिचं काहीच ऐकू येत नाहीये रे," आई म्हणाली.

लेबलराव तिच्या कॉलरचा माइक सरळ करायला वाकले. "येणार कसं? आवाजच नाही तिला. खरं सांगू आई? तुझ्यापुढे ती काहीच नाही. पण तिला बोलू नकोस हं, उगाच मनाला लावून घेईल."

बाहेर कुणीतरी पुरुष हेच्या हेच मोठ्याने बोलल्याचा भास त्यांना झाला. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "बघितलंस, प्रयोग चालू असताना बडबडतात! काडीची शिस्त नाही लोकांना!"

'काडीची शिस्त नाही लोकांना', बाहेरचा माणूसही म्हणाला.

"आणि वर नक्कल करतोय," लेबलराव म्हणाले. प्रेक्षागृहात हशा पिकला. साउंडवाल्याला वाटलं, परदेशातल्या मुलाचा फोन आलाय. त्याने आवाज आणखी थोडा वाढवला.

प्रवेश संपला. आई रंगमंचावर गेली आणि बायको आत आली. साउंडवाल्याने 'आई'चं बटण खाली केलं आणि 'ही'चं वर केलं. तिने सगळं ऐकलं होतं, अगदी स्वच्छ. आपला आवाज गेला नाही आणि नवऱ्याचा गेला, याचा अर्थ तिला नेपथ्यातल्या खिडकीशी उभ्या उभ्याच लागला होता. राग तर असा आला होता की डबी काढून डोक्यात घालावी. पण ती गोड हसली आणि नवऱ्याच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली.

"अहो, कसं झालं माझं?"

"सुरेख!"

"आणि आईंचं कसं होतंय?"

"आई आपली..." लेबलराव घुटमळले.

"मोठ्याने बोला ना. या पंख्यापुढे काही ऐकू येत नाही."

लेबलरावांनी तिच्या कॉलरजवळ तोंड नेलं. "आईचे नुसते हातवारे गं! नाटक उभं आहे ते तुझ्यामुळे. तुझ्यापुढे ती काहीच नाही! पण आईला बोलू नकोस हं."

रंगमंचावर आई थबकली. तिने कमरेवर हात ठेवले, विंगेकडे वळून पाहिलं आणि संहितेत नसलेलं वाक्य म्हटलं: "असं का!" तो आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत गेला. प्रेक्षागृह टाळ्यांनी दणाणलं.

"कशाला टाळ्या पडल्या?" लेबलरावांनी विचारलं.

"तुमच्यासाठी," बायको म्हणाली. मग ती बाजूला झाली आणि पडद्याच्या फटीतून आईचा चेहरा त्यांना दिसू दिला. तेव्हा कुठे लेबलरावांच्या डोक्यात प्रकाश पडला.

प्रयोग संपल्यावर ते रंगपटाच्या दारापाशीच रेंगाळले. आत भलतंच दृश्य होतं. आई सुनेच्या केसांतली पावडर ओल्या फडक्याने पुसत होती, आणि सून म्हणत होती, "तुमचं ते 'असं का' म्हणजे कमालच होती हं, आई." गेल्या कित्येक महिन्यांत दोघी एकमेकींशी इतकं चांगलं बोलल्या नव्हत्या. लेबलरावांना भीती वाटली.

तेवढ्यात दिग्दर्शक धावत आले आणि त्यांनी लेबलरावांना मिठीच मारली. "काय अभिनय केलात हो! दोघींना तेच सांगता आणि दोन्ही वेळा खरं वाटतं! पुढच्या प्रयोगात मुलगा परदेशातून परत येणार, आणि ते काम तुमचंच!"

"अभिनय कसला त्यात?" आई म्हणाली. "घरी रोजचंच आहे ते."

"म्हणजे तालीम झालेलीच आहे!"

"एकदा आमच्यासमोर होऊ दे," बायको म्हणाली. तिने दोन खुर्च्या शेजारी शेजारी ओढल्या. दोघी मांडीवर हात ठेवून बसल्या.

लेबलराव समोर उभे राहिले. आयुष्यभर ज्या भूमिकेची वाट पाहिली ती चालून आली होती. त्यांनी आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं.

"कोणाकडे बघून म्हणू?" त्यांनी विचारलं.

"माझ्याकडे," दोघी एकदम म्हणाल्या, आणि सावकाश एकमेकींकडे वळल्या.