छबूबाईंची डब्यासकट पिशवी

सोनईत वायरची पिशवी विणावी तर छबूबाईंनीच, असं खुद्द छबूबाईच सांगत. बचत गटाच्या प्रदर्शनातली मानाची शाल दरवर्षी त्यांच्याच खांद्यावर पडायची.

पण यंदा शेजारच्या रेबेकाने मोरपंखी वायरची पिशवी विणली आणि छबूबाईंची सख्खी सून अश्विनी तीच मागून घेऊन बाजारला गेली. घरात सासूच्या पिशव्या खुंटीवर वटवाघळांसारख्या लटकत असताना! त्या दिवसापासून छबूबाईंना चहा गोड लागेना.

"तिची पिशवी भाजी भरली की गाभण म्हशीवानी लोंबती," त्या सुनेला म्हणाल्या. "माझी बघ, कशी ताठ उभी ऱ्हाईल."

ताठपणासाठी आत साचा हवा. आपले डबे धान्याने भरलेले, म्हणून शेवया ठेवायच्या आहेत अशी थाप मारून त्यांनी रेबेकाचाच मोठा स्टीलचा डबा आणला. त्याच्याभोवती लालभडक वायरची जाळीची वीण घातली, प्रत्येक गाठ दात-ओठ खाऊन ओढली आणि तोंड नजाकतीने आवळत नेलं. कड मुडपली, बंद बसवले. पिशवी देखणी झाली. फक्त डबा बाहेर निघेना.

अश्विनीने कात्री आणली.

"ती कात्री आधी माझ्या गळ्याला लाव," छबूबाई म्हणाल्या आणि पिशवी डब्यासकट प्रदर्शनात नेऊन ठेवली.

तालुक्याहून आलेल्या पाहुण्या बाई पिशवीपुढे थबकल्या. चष्मा सावरून जाळीतून आत बघितलं आणि खूष झाल्या. विणणारीने नावसुद्धा आत टाकलंय म्हणाल्या, आणि माईकवर वाचलं, "पहिला नंबर, सौ. रेबेका शांतवन!"

भांड्यावर नाव कोरायची रीत छबूबाईंच्या घरातही होती. पण पिशवीपुढे त्यांना डबा दिसलाच कुठे होता?

आता खरं सांगावं तर शेजारणीचा डबा थापा मारून आणल्याचं सांगावं लागणार.

रेबेका वर गेली, वाकून बघितलं आणि हसत म्हणाली, "बाई, वीण मावशींची हाय. माझा निस्ता डबा. शेवया लई लाल झाल्या वाटतं, मावशी."

मांडव हसून लोळला. शाल छबूबाईंनाच मिळाली, पण अंगाला कुसळासारखी टोचत राहिली.

डबा तर परत द्यायलाच हवा होता, आणि पिशवी कापू द्यायला छबूबाई तयार नव्हत्या. म्हणून ती आता रेबेकाच्या स्वयंपाकघरात ताठ उभी आहे. येणारी-जाणारी म्हणते, काय सुरेख विणलीस गं रेबेका.

आणि छबूबाई रोज तिच्याकडे चहाला जातात. कुणी तसं म्हणालंच, तर सांगायला कुणीतरी हवं ना तिथं.