काट्याचं छप्पर आन् गरुडसाहेबांचा सत्कार

एका जंगलात एक भजनी मंडळ हुतं. कुठलं जंगल म्हनून इचारू नका, तुमच्याच गावाशेजारचं आसंल. आन् पोरांनो, मधी कोन बोललं तर मी उठून जाईन. आधीच सांगतो.

जंगलाच्या मधी मोकळी जागा हुती. तिथं एक सपाट शीळ. तिच्यावर मंडळ बसायचं. बेडूक धृपद धरायचा. टिटवी वरचा सूर लावायची. येसबा साळिंदर अंगावरचे काटे खळखळ हालवायचा, ती झाली झांज. आन् मृदंग म्हंजी कोंडिबा कासव. म्हातारा शिळेवर पोट आपटून ठेका धरायचा. धाड धिन, धाड धिन. ऐकनाऱ्याची मान आपसूक हालायची.

येसबाला झांज त्यानंच शिकवली. येसबा बिनआईबापाचं हुतं. म्हाताऱ्यानं त्याला जवळ बशिवलं आन् ठेक्यावर वाढवलं. म्हनून येसबाचा जीव त्या म्हाताऱ्यात.

शिळेवर चार मेढी हुत्या आन् वर करवंदीच्या काट्यांचं छप्पर. शोभेला न्हवं. त्या रानात एक गरुड हुता. कासव दिसलं की उचलायचा, उंच न्यायचा, खडकावर सोडायचा. फुटलं की खायाचा. वर काटे आसले की त्याला उतरता यायचं न्हाई. एवढं साधं हाय.

गेल्या साली त्या छपराला भोक पडलं. त्या भोकातनं कोंडिबाचा धाकटा भाऊ गेला. कसा गेला ते सांगत न्हाई. तुमची जेवायची येळ हाय.

येसबा मंडळाच्या बैठकीत म्हनला, "भोक बुजवाया पाहिजे. करवंदीची टेकडी लांब न्हाई. समदे मिळून चार फेऱ्या मारल्या की झालं."

मंडळाचे अध्यक्ष हुते उदाजीराव उदमांजर. त्यांना गाता येत न्हवतं, वाजवता येत न्हवतं. म्हनून तर अध्यक्ष.

ते म्हणाले, "येसबा, अशानं छप्पर होईल, पण मंडळाचं नाव होणार नाही. आपण वार्षिक सोहळा घेऊ. बाहेरचे कलावंत बोलावू. प्रत्येक प्रेक्षकानं येताना करवंदीची एक फांदी आणायची, तेच तिकीट. फांद्यांचा डोंगर उभा राहील."

"डोंगर काय करायचा? भोक येवढुसं हाय."

"दृष्टी मोठी ठेव," उदाजीराव म्हणाले.

बेडकानं मान हालवली. त्याला मान हालवायची सवयच हुती, ठेक्यावर.

पाहुन्यांची यादी झाली. मोर नाचायला. लांबच्या रानातलं एक वानर, ते माकडउड्या मारनार. आन् सोहळ्याचे प्रमुख आकर्षन म्हनून, हवाई कसरतींसाठी, गरुडसाहेब.

येसबाचे काटे ताठ झाले. "उदाजीराव, छप्पर कुनाच्या भीतीनं घालतोय आपन?"

"गरुडसाहेबांच्या."

"आन् बोलावतोय कुनाला?"

"गरुडसाहेबांना. त्यांच्या नावावर गर्दी होते, तुझ्या नावावर होते का? शिवाय पाहुणा म्हणून येणारा असं काही करील का? व्यासपीठावर बसला की कुणीही सज्जन होतो."

येसबा तरातरा कोंडिबाकडं गेला. म्हनला, "बुवा, तुमी नगा येऊ त्या दिशी. बिळात बसा."

म्हातारा लाजला. "येश्या, उदाजीराव म्हनले, सुरवात आपल्या भजनानं हाय. समदं रान येनार. शंभर वर्सं आपटतोय मी पोट. ऐकलं कुनी? तू, बेडूक आन् ती टिटवी."

"जीव जाईल."

"एकदा ऐकू दे रं समद्यांना. मंग बसतो बिळात."

म्हाताऱ्याला हौस लागली की ती खरजेपेक्षा वाईट.

सोहळ्याची तयारी सुरू झाली. टिटवीला पानी मारायला लावलं. बेडकाकडं पाहुन्यांच्या चपला, म्हंजी चपला कुनाला न्हवत्या, पन जबाबदारी हुती. येसबाला जमीन झाडाया लावली. झाडू आनायची गरज न्हाई म्हनले, तू नुसता लोळ.

मंग मंडप पाहिजे. मेढी कुठनं आनायच्या? शिळेवरच्या चार हायेत की. काढल्या. मेढी काढल्या तसं छप्पर खाली आलं.

येसबा बोंबलला, "आहो, ज्याच्यासाठी हे चाललंय तेच मोडलं."

उदाजीराव म्हणाले, "नवं करायचंच आहे ना? मग जुनं कशाला हवं?"

ह्याला हुशारी म्हनतात, पोरांनो. शाळेत शिकवतात. मी गेलो न्हाई.

सोहळ्याचा दिवस उजाडला. दुपार कलती झाली तसं रान लोटलं. जो त्यो फांदी घिऊन. खरंच डोंगर झाला. येसबाला जरा बरं वाटलं. त्यो फांद्या मोजाया गेला, तर तिथं डुकरं. स्वयंसेवक म्हनून छातीवर पानं डकवलेली.

"ह्या कुठं निघाल्या?"

"कमानीला," एक डुक्कर म्हनलं. "बाकीच्या कुंपनाला. पाहुन्यांच्या अंगावर कुनी जाऊ नये म्हनून."

तर कमान झाली. कुंपन झालं. गरुडसाहेबांना बसाया उंच मचान झालं, त्यालाबी काटे लावले, खालनं कुनी चढू नये म्हनून. फांद्या संपल्या.

गरुडसाहेब आले. मैना निवेदनाला हुती. गोड बोलायची, गुळात माशी अडकल्यागत. "ज्यांच्या पंखांच्या सावलीत आपण सारे वाढलो," ती म्हणाली.

त्याच सावलीत कोंडिबाचा भाऊ गेला, त्येचं नाव तिनं घेतलं न्हाई.

सुरवात भजनानं हुनार हुती. पन मोराला निघायची घाई. मोर नाचला. मंग वानर. मंग प्रास्ताविक, त्यात उदाजीरावांनी मंडळाचा इतिहास सांगितला, त्यात उदाजीरावच हुते. कोंडिबा शिळेच्या कडंला बसून हुता. आंग पुसून, पाठ चकचकीत करून. दर खेपेला वाटायचं, आता आपलं. पाय सरकवायचा. मंग मैना दुसऱ्याचंच नाव घ्यायची.

येसबा कुंपनाबाहीर. त्यानं उदाजीरावांना हाळी दिली, "भजन कवा?"

"सत्कारानंतर. वेळ उरल्यास."

सत्कार म्हंजी त्या रानात शाल आन् बेलफळ. शाल केळीच्या पानाची. मोराला बेलफळ. मोरिनींना बेलफळ, त्या नाचल्या न्हवत्या, पन आल्या हुत्या. वानराला. वानराच्या मेव्हन्याला. डुकरांच्या म्होरक्याला. ज्यानं बेलफळं आनली त्याला एक बेलफळ. शेवटी उरले मुख्य पाहुने, आन् बेलफळ संपलं.

माझी आज्जी म्हनायची, वाढप्यानं नवरदेवाला इसरावं तसं.

उदाजीरावांना घाम फुटला. समदं रान बघतंय. गरुडसाहेब मचानावर मान वाकडी करून बसलेले. त्यांची नजर खाली शिळेवर गेली. कोंडिबानं ती नजर बघितली आन् भ्यायलं बिचारं. मुंडकं आत, पाय आत. शिळेच्या कडंला एक गोल, कठीन, चकचकीत गोळा उरला.

"हे चालेल की," गरुडसाहेब म्हणाले.

उदाजीराव क्षनभर थांबले. खोटं कशाला सांगू, थांबले. मंग मैनेकडं वळून म्हणाले, "साहेबांचा साधेपणा सांग लोकांना."

मैनेनं सांगितला. टाळ्या पडल्या.

येसबा धावला. कुंपनाचे काटे आन् त्याच्या आंगावरचे काटे, दोन्ही एकमेकांत आडकले. करवंदीचे काटे उलटे आसतात, जितकं वढावं तितकं घुसतात. त्याच्याच मंडळासाठी आनलेल्या फांद्यांत त्यो आडकून पडला. डुक्कर म्हनलं, "ये बाबा, शिस्तीत. सत्कार चाललाय."

"आरं त्यो सत्कार न्हवं. त्यो माझा बाप हाय."

"मंग आभिमान वाटाया पाहिजे," डुक्कर म्हनलं.

गरुडसाहेबांनी दोन्ही पंजांत मान स्वीकारला. केळीचं पान खाली पडलं. ते वर गेले, आनखी वर, पाक ठिपका झाले. समद्यांच्या माना वर. मैना म्हणाली, "आणि आता, हवाई कसरत."

ठिपक्यातनं एक बारका ठिपका सुटला.

पल्याडच्या काळ्या खडकावर आवाज झाला. धाड.

धिन झाला न्हाई.

पन काय आवाज म्हनून सांगू. उभ्या रानात घुमला. शंभर वर्सं जो ठेका तिघांनीच ऐकला, त्यो त्या दिशी समद्यांनी ऐकला. मागल्या वळीतनं कोनतरी वरडलं, "वन्समोर."

येळ उरला न्हाई म्हनून भजन झालं न्हाई. आभार उदाजीरावांनी मानले.

दुसऱ्या दिशी येसबानं कुंपन मोडलं. त्याच फांद्या, त्याच चार मेढी. एकट्यानं चार फेऱ्या मारल्या. दुपारच्या आत छप्पर उभं. भोक कुठंबी न्हाई. खाली बेडूक बसला, टिटवी बसली. येसबानं काटे हालवले. ठेका कुनी धरायचा ते कुनालाच कळंना, तसेच उठले.

संध्याकाळी उदाजीराव आले. छपराखाली उभं राहून वर बघितलं, म्हणाले, "उत्तम झालंय. पाहिलंस, सोहळ्याचा केवढा उपयोग झाला ते."

येसबा काय बोलला ते मी सांगत न्हाई. तुमी ल्हान हाय.

फुडल्या साली सोहळा दुप्पट मोठा हाय. कोंडिबाच्या नावानं हाय. कमानीला फांद्या लागतील म्हनून परवा छप्पर उतरवलं. पाहुने तेच. त्यांचा निरोप आलाय की सत्काराला बेलफळं नगत, गेल्या खेपेसारखं काहीतरी घरगुती बघा.

बेडकानं तवापासून पोट फुगवायचं सोडलंय.

तात्पर्य: ज्याच्या भीतीनं छप्पर घालायचं, त्यालाच मानानं बोलवावं. मंग छपराची गरज उरत न्हाई. छपराखाली बसनाराच उरत न्हाई, तर छप्पर कशाला पाहिजे?