भागाबाईचं तिळं

“सर, कुठलंही कुटुंब निवडा,” डॉ. मोहिनी म्हणाल्या. “दवाखाना, लसीकरण, घरोघरची पाहणी, इतकंच काय, गोठ्यातली जनावरंसुद्धा. सगळी माहिती मोबाईल नंबरानं एकत्र जोडलीय.”

जनावरांकडून माणसांना होणाऱ्या तापाचा माग काढायचा, तर हिंगोली जिल्ह्यातली माणसं आणि जनावरं एकाच पडद्यावर दिसायला हवीत, असा मोहिनीबाईंचा आग्रह होता. पुढचा निधी द्यायचा की नाही, हे ठरवायला मुंबईहून उत्तमराव आले होते. चांगले चांगले प्रकल्प त्यांनी चहा निवायच्या आत बंद केल्याची ख्याती होती.

उत्तमरावांनी डोळे मिटून पडद्यावर बोट टेकवलं. पुसेगाव. भागाबाई, वय बासष्ट. नुकतीच प्रसूत. तिळं.

“बासष्टाव्या वर्षी?” उत्तमरावांचा चष्मा कपाळावर गेला.

मोहिनीबाईंनी लगेच मोबाईल पुढे ओढला. “आत्ता फोन लावू या.”

मोहिनीबाईंनी स्पीकर चालू केला. फोन भागाबाईंनीच उचलला.

“मावशी, तिळं झालं म्हणे?”

“व्हय की! तिन्ही गुटगुटीत हायत. तासाभरात उभी राह्यली.”

“उभी?” उत्तमराव कुजबुजले.

“सर, इकडे सावरली की उभी राहिली म्हणतात,” मोहिनीबाईंनी ठोकून दिलं. “मावशी, दूध पितात ना?”

“दोघं पितेत. तिसऱ्याला बाटलीनं पाजून राह्यले.”

“आणि दवाखान्यात का नाही गेलात?”

“दवाखान्यात काहून? बाभळीखाली झाली मोकळी.”

एवढं ऐकल्यावर उत्तमरावांना राहवेना. जगात कुणी नोंदवलं नसेल असं बाळंतपण आपल्या निधीतून उजेडात येणार! त्यांनी लगेच गाडी काढायला लावली. वाटेत थांबून स्वतःच्या पैशानं तीन झबलीही घेतली.

भागाबाई अंगणात ताठ उभ्या होत्या. उत्तमरावांनी अदबीनं विचारलं, “बाळंतीण आपणच ना?”

“मी? काय बोलून राह्यले साहेब! बाळंतीण ती काय, पाला खाऊन राह्यली.”

बाभळीखाली एक काळी शेळी रवंथ करत होती. तिच्याभोवती तीन करडं उड्या मारत होती. मोहिनीबाई सरळ उत्तमरावांसमोर आल्या.

“सर, चूक झाली. शेळीच्या नोंदीतही मावशींचाच नंबर. जोडणीनं दोघींना एक केलं. पण ही चूक इथं दारात आल्यावर कळली. मी पैसे मागतेय ते नव्या संगणकाला नव्हे, दारोदार जाऊन खात्री करायला.”

एक करडू उत्तमरावांचं बोट चोखत होतं. भागाबाईंनी झबली हातातून घेतली आणि करडांना चढवलीही. अगदी मापाची बसली.

“मावशी, शेळीसाठी वेगळा नंबर द्या,” मोहिनीबाई म्हणाल्या.

“बकरीला कुठून फोन आणू बाई? साहेबाचा लिवा. त्यायला लेकराइची लई हौस दिसती.”

“लिहा माझा,” उत्तमराव म्हणाले. बोट अजून करडाच्याच तोंडात होतं.

पुढच्या महिन्यात मुंबईला निधीची बैठक भरली. हिंगोलीचा विषय निघाला आणि अध्यक्षबाईंनी उत्तमरावांचं मत विचारलं. तेवढ्यात उत्तमरावांचा फोन वाजला. संदेश वाचून त्यांनी घाईनं खिडकीशी जाऊन फोन लावला.

“मावशी, पिल्लांना जंताचं औषध द्यायचंय. आज म्हणजे आजच. हो, मला संदेश आलाय. आणि आईला सरकी पेंड चालू ठेवा. दिवसभर बांधून नका ठेवू बिचारीला.”

ते जागेवर येऊन बसले. सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

“उत्तमराव,” अध्यक्षबाईंनी जपून विचारलं, “घरी सगळं ठीक आहे ना?”

“उत्तम आहे,” उत्तमराव म्हणाले. “हिंगोलीची जोडणी बरोबर चालतेय. पैसे मंजूर करा.”